ग्रंथ मुक्त असावा, वाचक सुरक्षित असावा



धन दिल्याने घटते आणि विद्या दिल्याने वाढते, ही धारणा या देशात इतकी मुरलेली आहे की, ती प्रथम कुणी सांगितली, हे विचारावे असेही कुणाला वाटत नाही. महाजालाच्या युगात ही धारणा बोटाच्या एका स्पर्शावर येऊन ठेपली. दुर्मीळ ग्रंथाची प्रत, स्पर्धा परीक्षेची टिपणे, कीर्तनाचे ध्वनिमुद्रण, जुना दिवाळी अंक, कुळाची वंशावळ, शिबिराची छायाचित्रे, असे सारे काही क्षणार्धात शेकडो जणांपर्यंत पोहोचते. या देवघेवीसाठी असंख्य समूह उभे राहिले आहेत. नातू एका समूहाचा सदस्य असतो, आजोबा दुसऱ्या, आणि कार्यकर्ता एकाच वेळी पंधरा-वीस समूहांचा.

मात्र मुलीसाठी स्थळ आले तर चार ठिकाणी चौकशी करणारे कुटुंब अशा समूहात शिरताना एकही प्रश्न विचारत नाही. समूह कुणाचा, त्याची नोंदवही कुणाच्या हाती, आत आणखी कोण बसले आहे, येथे मिळणारा ग्रंथ देण्याचा अधिकार देणाऱ्याला आहे काय, आणि उद्या हे दार बंद झाले तर आत ठेवलेल्या कागदांचे काय होईल, याची चौकशी होत नाही. आजच्या विषयाचा गाभा या प्रश्नांतच आहे.

विषयाच्या दोन बाजू आहेत. एक प्रवेशाची आणि दुसरी गोपनीयतेची. दोन्ही इष्ट आहेत, परंतु त्या एकमेकींना ओढतात. दार सताड उघडे ठेवले तर ज्ञान सर्वांना मिळते, पण आत येणाऱ्या-जाणाऱ्यावर कुणाचीही नजर राहू शकते. दार अरुंद केले, ओळखीच्यांनाच आत घेतले, तर सुरक्षितता वाढल्यासारखी वाटते. पण मग गरजू बाहेर राहतो आणि आत घेतलेल्यांची यादी कुणीतरी ठेवू लागतो. या ओढाताणीत विवेक कसा राखावा, हे ठरवण्यासाठी गेल्या पाव शतकाचा इतिहास पुरेसा बोलका आहे.

पोथी आणि परवलीचा शब्द

ग्रंथांची देवघेव महाराष्ट्राला नवी नाही. समर्थ संप्रदायाच्या मठामठांतून पोथ्यांच्या नकला होत आणि एका मठातला ग्रंथ दुसऱ्या मठात जाई. या हस्तलिखितांचा मोठा संग्रह पुढे शंकर श्रीकृष्ण देव यांनी परिश्रमपूर्वक जमवला आणि धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात तो जतन झाला. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जुनी दफ्तरे धुंडाळत राहिले आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. पोथी देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत असत. नकल कुणी केली, कुणासाठी केली, हे पोथीच्या अखेरीस लिहिलेले असे. विश्वास हा त्या व्यवहाराचा पाया होता.

परकीय सत्तेच्या काळात या व्यवहाराला दुसरे अंग आले. स्वातंत्र्यवीर सावरकरांचा १८५७ च्या स्वातंत्र्यसमरावरील ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच ब्रिटिश सरकारने त्यावर बंदी घातली. १९०९ साली त्याची इंग्रजी आवृत्ती हॉलंडमध्ये छापली गेली आणि निरुपद्रवी पुस्तकांची खोटी वेष्टने चढवून तिच्या प्रती हिंदुस्थानात आल्या. मूळ मराठी हस्तलिखित अनेक वर्षे परदेशात जपले गेले आणि स्वातंत्र्यानंतर मायदेशी परतले. १९७५ साली आणीबाणी लादली गेली, ४ जुलैला संघावर बंदी आली, तेव्हाही भूमिगत पत्रके हातोहात फिरली. वाचकापर्यंत पत्रक पोहोचले पाहिजे, पण पत्रक पकडले गेले तरी त्यावरून वाचकांची यादी हाती लागता कामा नये, ही त्या कामाची शिस्त होती.

या दोन्ही कालखंडांतून एक सूत्र हाती येते. ग्रंथ जितका मोकळा फिरेल तितका चांगला, वाचकाचे नाव जितके कमी फिरेल तितके चांगले. आजच्या समूहांत बहुधा याच्या उलट घडते. फाइल कुणाची, हे कुणालाच ठाऊक नसते, आणि ती घेणारा कोण, हे मात्र अनेकांना ठाऊक असते.

नोंदवही एकाच्या हाती

१९९९ च्या जून महिन्यात अमेरिकेत शॉन फॅनिंग नावाच्या तरुणाने ‘नॅपस्टर’ सुरू केले. गाण्यांच्या फाइली लोकांच्या स्वतःच्या संगणकांवरच राहत. कोणते गाणे कुणाच्या संगणकावर आहे, याची सूची मात्र कंपनीच्या सर्व्हरवर असे. गाणे हवे असणाऱ्याने सूचीत शोधायचे आणि ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून परस्पर घ्यायचे, अशी ही रचना होती. बघता बघता कोट्यवधी लोक त्यात आले.

२००० साली ‘मेटॅलिका’ या वाद्यवृंदाने आपली गाणी देणाऱ्या तीन लाखांहून अधिक सदस्यनामांची यादीच कंपनीपुढे ठेवली आणि त्या सदस्यांचा प्रवेश बंद झाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही यादी मिळवण्यासाठी कुणालाही कुलूप फोडावे लागले नाही. उघड्या दारातून आत जाऊन थोडे दिवस निरीक्षण करणे पुरेसे होते. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने कंपनीच्या विरोधात निर्णय दिला आणि जुलैत ती सेवा बंद पडली. सूची एका ठिकाणी होती, म्हणून एका आदेशात सारे थांबले.

यातून लोकांनी धडा घेतला तो अर्धाच. मध्यवर्ती सूची नको, असे ठरले. ‘कझा’सारख्या प्रणाली आल्या. २००१ साली ब्रॅम कोहेन यांनी ‘बिटटॉरेंट’ची पद्धत तयार केली. तीत एका फाइलचे शेकडो लहान तुकडे होतात आणि प्रत्येक घेणारा आपल्याकडे आलेले तुकडे इतरांना देऊ लागतो. गर्दी वाढली की इतर ठिकाणी वेग मंदावतो, येथे तो वाढतो. तंत्र म्हणून ही कल्पना निःसंशय चतुर आहे आणि मोठ्या, कायदेशीर फाइली वाटण्यासाठी तिचा आजही उपयोग होतो. परंतु या गर्दीत सामील होणाऱ्या प्रत्येकाचा आयपी पत्ता, म्हणजे महाजालावरील त्याच्या जोडणीचा क्रमांक, त्याच गर्दीतील इतरांना दिसतो. तुकडे परस्पर पोहोचवायचे तर पत्ता ठाऊक हवाच. ‘मध्ये कोणी नाही, म्हणून कुणाला कळत नाही’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

त्याची किंमत सामान्य कुटुंबांनी मोजली. सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने एकाच वेळी २६१ व्यक्तींवर दावे लावले. त्यांत न्यूयॉर्कमधील अवघ्या १२ वर्षांच्या एका मुलीचाही समावेश होता. तिच्या कुटुंबाने २००० डॉलर देऊन प्रकरण मिटवले. आयपी पत्त्यावरून जोडणी पुरवणाऱ्या कंपनीकडे विचारणा होते आणि कंपनीच्या देयकावर नाव असते ते वडिलांचे किंवा आईचे. घरातील मुलाने केलेल्या देवघेवीचा कायदेशीर पत्ता म्हणजे घरमालकाचे नाव, ही गोष्ट पालकांनी विसरू नये.

एका फोल्डरची चूक

गोपनीयतेचा भंग नेहमी बाहेरच्या चोराकडूनच होतो असे नाही. अमेरिकेतील नेथॅनियल गुड आणि अॅरन क्रेकेलबर्ग या संशोधकांनी ‘कझा’च्या वापराचा अभ्यास करून तो २००३ साली प्रसिद्ध केला. आपल्या संगणकावरील नेमक्या कोणत्या फाइली जगासाठी खुल्या आहेत, हे त्यांनी १२ जणांना ओळखण्यास सांगितले. केवळ दोघांना बरोबर उत्तर देता आले. उरलेल्यांना आपले कपाट उघडे आहे याचा पत्ताच नव्हता.

या अज्ञानाने अमेरिकेच्या संसदेलाही सोडले नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये तेथील प्रतिनिधिगृहाच्या नीतिसमितीचा गोपनीय अहवाल बाहेर आला. तीसहून अधिक लोकप्रतिनिधींसंबंधीच्या चौकशांचा उल्लेख त्यात होता. समितीतील एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने तो घरच्या संगणकावर ठेवला होता आणि त्याच संगणकावर फाइल-देवघेवीची प्रणाली होती. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१० मध्ये, अमेरिकेच्या व्यापार आयोगाने सुमारे शंभर संस्थांना कळवले की, त्यांच्याकडील ग्राहकांची व कर्मचाऱ्यांची माहिती अशा जाळ्यांवर उघडी पडली आहे.

आज त्या प्रणाली मागे पडल्या, पण चूक तीच राहिली. तिचे रूप तेवढे बदलले. ‘दुवा असलेला कोणीही पाहू शकेल’ असा पर्याय निवडून एखादा कार्यकर्ता मेघसाठ्यातील फोल्डर उघडा करतो. त्यात शिबिराच्या छायाचित्रांसोबत शिबिरार्थींची नावे, वये, पत्ते, पालकांचे दूरध्वनी क्रमांक आणि आधारपत्राच्या प्रतीही असतात. दुवा एका समूहातून दुसऱ्यात जातो. सहा महिन्यांनी तो कुणाकुणाकडे आहे, हे सांगणे खुद्द पाठवणाऱ्यालाही शक्य नसते. शंभर मुलांच्या पालकांनी ज्या विश्वासाने ते कागद दिले, त्या विश्वासाला येथे तडा जातो. संघटनेचे बळ माणसांच्या विश्वासावर उभे असेल, तर ही चूक तांत्रिक म्हणून सोडून देता येत नाही.

भिंतीआडचे अंगण

उघड्या बाजाराला कंटाळलेल्यांनी बंदिस्त समूह उभारले. ब्रिटनमधून चालणारा ‘ऑइंक’ हा संगीताचा समूह त्यांपैकी एक. निमंत्रणाखेरीज प्रवेश नाही, जितके घ्याल त्या प्रमाणात द्यावे लागेल, फाइलचा दर्जा उत्तमच हवा, असे त्याचे नियम होते. सदस्यसंख्या सुमारे १ लाख ८० हजार होती. २३ ऑक्टोबर २००७ रोजी पोलिसांनी तो बंद केला. चालकावर खटला झाला आणि जानेवारी २०१० मध्ये तो निर्दोष सुटला. ‘ऑइंक’ बंद होताच ‘व्हॉट.सीडी’ नावाचा नवा समूह सुरू झाला. तेथे निमंत्रण नसलेल्याला चक्क मुलाखत देऊन प्रवेश मिळे. तोही नोव्हेंबर २०१६ मध्ये फ्रान्समधील कारवाईनंतर बंद झाला. सदस्यांची सारी माहिती नष्ट केल्याचे चालकांनी जाहीर केले. हजारो लोकांनी जपून चढवलेला आणि अन्यत्र दुर्मीळ असलेला संगीतसंग्रह त्या एका दिवसात विखुरला.

या समूहांत शिस्त होती, जाणकारी होती, दर्जाचा आग्रह होता. इतकी शिस्त एखाद्या वैध ग्रंथालयाला लाभली असती तर, असे वाटावे! परंतु बंदिस्तपणा म्हणजे सुरक्षितता नव्हे, हेच त्यांच्या शेवटाने दाखवले. निमंत्रणावर चालणाऱ्या समूहात कुणी कुणाला आणले, याची साखळी नोंदलेली असते. कुणी काय घेतले आणि काय दिले, याचा हिशेब ठेवल्याखेरीज प्रमाणाचा नियम चालवताच येत नाही. म्हणजे भिंत जितकी उंच, तितकी आतली नोंदवही जाड. ती नष्ट झाली की नाही, हे सदस्याला केवळ चालकाच्या शब्दावर मानावे लागते.

वैध वापर करणाऱ्यालाही ही झळ लागते. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकी यंत्रणांनी ‘मेगाअपलोड’ ही फाइल साठवणारी सेवा बंद पाडली. चालकांवरील आरोप स्वामित्वहक्काच्या उल्लंघनाचे होते. पण शालेय क्रीडास्पर्धांचे चित्रण करून उदरनिर्वाह करणाऱ्या ओहायोतील एका गृहस्थाची स्वतःची चित्रणेही तेथेच अडकली. ती परत मिळावीत म्हणून त्याला वर्षानुवर्षे न्यायालयात अर्ज करावे लागले. ज्या घरात आपली ठेव ठेवायची, त्या घराच्या मालकाचा व्यवहार कसा आहे, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

टेलिग्राम आणि दिल्लीचे न्यायालय

भारतात ही देवघेव प्रामुख्याने भ्रमणध्वनीवरून होते. व्हॉट्सअॅपवरील संदेश २०१६ पासून पाठवणारा आणि घेणारा यांच्यापुरते कूटबद्ध असतात. परंतु समूहात शिरणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक सर्वसाधारणपणे इतर सदस्यांना दिसतो. पाचशे अनोळखी लोकांच्या समूहात पुस्तकासाठी शिरलेल्या महाविद्यालयीन तरुणीचा क्रमांक त्या पाचशे जणांकडे जातो, हे तिला कुणी सांगितलेले नसते. टेलिग्रामच्या वाहिनीत सदस्याचा क्रमांक इतरांपासून झाकलेला राहतो. मात्र तेथील समूह आणि वाहिन्या व्हॉट्सअॅपप्रमाणे दोन टोकांपर्यंत कूटबद्ध नसतात, आणि क्रमांक कंपनीला ठाऊक असतोच.

त्या झाकलेपणाची मर्यादा दिल्ली उच्च न्यायालयाने दाखवून दिली. मे २०२० मध्ये ‘दैनिक जागरण’च्या अंकाच्या प्रती टेलिग्रामवर फुकट फिरवणाऱ्या वाहिन्यांसंबंधी न्यायालयाने आदेश दिला. ऑगस्ट २०२२ मध्ये स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन करणाऱ्या एका शिक्षिकेच्या दाव्यात, तिचे अभ्याससाहित्य विनापरवाना विकणाऱ्या वाहिन्यांच्या चालकांची माहिती देण्यास कंपनीला सांगण्यात आले. आपले सर्व्हर सिंगापूरला असून तेथील कायदा पाळावा लागतो, हा कंपनीचा युक्तिवाद मान्य झाला नाही. नोव्हेंबरपर्यंत नावे, दूरध्वनी क्रमांक आणि आयपी पत्ते न्यायालयात सादर झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीचे संस्थापक पावेल दुरोव्ह यांना पॅरिसजवळ अटक झाली. त्यानंतर सप्टेंबरमध्ये, वैध कायदेशीर मागणी आल्यास नियम मोडणाऱ्यांचे क्रमांक व आयपी पत्ते अधिकाऱ्यांना देण्याचे धोरण कंपनीने जाहीर केले.

कष्टाने तयार केलेले साहित्य चोरणाऱ्याचा पत्ता लागावा, हे योग्यच झाले. वाचकाची गोपनीयता जपणे आणि चोराला पांघरूण घालणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. परंतु निनावीपणाच्या जाहिरातीवर विसंबून कोणत्याही समूहात शिरणाऱ्याने एवढे उमजून घ्यावे की, निनावीपणाचे आश्वासन हे कंपनीच्या धोरणाचा भाग असते, आणि धोरण बदलता येते.

व्हीपीएन घेतले की झाले, असेही तरुण सांगतात. त्यात जोडणी पुरवणाऱ्या कंपनीऐवजी व्हीपीएन कंपनीवर विश्वास ठेवावा लागतो, एवढाच फरक. भारतात एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ या शासकीय यंत्रणेने ग्राहकांची नावे व तपशील पाच वर्षे जतन करण्याचा निर्देश या कंपन्यांना दिला. काही परदेशी कंपन्यांनी त्यानंतर भारतातील सर्व्हर काढून घेतले.

स्वदेशीचा खरा अर्थ

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी उपयोजनांवर बंदी घातली. टिकटॉकची चर्चा पुष्कळ झाली. पण त्या यादीत ‘शेअरइट’ आणि ‘झेंडर’ ही फाइल देवघेवीची आणि ‘कॅमस्कॅनर’ हे कागदपत्रांची प्रत काढण्याचे उपयोजन होते. घराघरांतील खरेदीखते, गुणपत्रिका, ओळखपत्रे वर्षानुवर्षे याच मार्गाने गेली होती. गलवानमधील २० जवानांच्या बलिदानानंतर देशाला जाग आली, परंतु कागद केव्हाच गेले होते. शत्रुत्व बाळगणाऱ्या देशातील कंपनीच्या हाती नागरिकांच्या कागदांची किल्ली असणे हा सुरक्षेचा प्रश्न आहे, हे त्या निर्णयाने अधोरेखित केले.

मात्र स्वदेशी म्हणजे केवळ पाटी बदलणे नव्हे. भारतीय कंपनीने चालवलेली सेवाही तेच प्रश्न विचारूनच स्वीकारावी. नोंद किती काळ ठेवता, कुणाला देता, पुसण्याची मागणी केल्यास खरोखर पुसता काय? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. परंतु एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला हा कायदा लागू नाही. सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या समूहात काय फिरवावे, याची शिस्त म्हणून समाजालाच घालून घ्यावी लागेल.

उद्देश उदात्त असला म्हणजे दारही सुरक्षित असते, असे नाही. जगभरातील ग्रंथांचा अफाट साठा जपणाऱ्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’चे उदाहरण पाहावे. आपल्या ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’तील असंख्य ग्रंथांच्या प्रतीही तेथे आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये चित्रपटांच्या चोरीविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशात हे संपूर्ण संकेतस्थळच भारतात काही काळ बंद झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर घाला पडला आणि ३ कोटी १० लाख सदस्यांचे ईमेल पत्ते व कूटबद्ध परवलीचे शब्द चोरीस गेले. तेथे वाचायला जाणाऱ्याने काही गैर केले नव्हते. दुसरीकडेही तोच परवलीचा शब्द वापरण्याची सवय मात्र अनेकांना महागात पडू शकली असती.

चोरवाट का निर्माण होते?

या विषयाची आणखी एक बाजू प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ साली ‘साय-हब’ सुरू करून महागड्या शोधनिबंधांच्या प्रती फुकट दिल्या. २०१६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकाने सहा महिन्यांतील २ कोटी ८० लाख मागण्यांचे विश्लेषण छापले. त्यात भारतातून सुमारे ३४ लाख मागण्या होत्या. हे सारे चोरीच्या हौसेने आलेले नव्हते. एका निबंधासाठी दोन-तीन हजार रुपये मागितले जात असतील, तर जिल्ह्याच्या गावी बसलेला संशोधक काय करणार? वाचकांची ओळख उघड होऊ नये म्हणून त्या विश्लेषणात आयपी पत्त्यांऐवजी केवळ शहरे दाखवली गेली, ही काळजीही नोंद घेण्याजोगी. तीन परदेशी प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते संकेतस्थळ भारतात रोखण्याचा आदेश झाला.

त्याआधीच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजना मंजूर केली होती. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके, ६३०० हून अधिक शासकीय संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी व संशोधक, असा तिचा आवाका. चोरवाट बंद करण्याचा टिकाऊ उपाय म्हणजे राजमार्ग रुंद करणे, हे तत्त्व येथे दिसते. संस्थेबाहेर राहून काम करणाऱ्या अभ्यासकासाठीही हा मार्ग खुला व्हावा, अशी अपेक्षा बाळगणे गैर नाही.

मराठी पुस्तकांच्या बाबतीतही हाच न्याय लावावा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ केव्हाच मुक्त झाले. सावरकरांचे निधन २६ फेब्रुवारी १९६६ चे, त्यामुळे त्यांच्या ग्रंथांवरील हक्काची मुदत २०२६ च्या अखेरीपर्यंत. हयात लेखकाचे गेल्या वर्षीचे पुस्तक समूहात टाकणारा स्वतःला विद्यादानी समजत असेल, तर तो दुसऱ्याच्या ताटातले वाढतो आहे. या अपराधाला सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड कायद्यात सांगितला आहे. शिवाय मराठी प्रकाशकाचा जीव तो केवढा! त्याचे पुस्तक फुकट वाटून मराठीची सेवा होत नाही.

प्रवेशापूर्वीचे सहा प्रश्न

या साऱ्या विवेचनातून कोणत्याही समूहात पाऊल टाकण्यापूर्वी विचारावयाचे सहा प्रश्न निघतात.

पहिला, समूह चालवतो कोण? नाव, संस्था वा परिचित व्यक्ती यांपैकी काहीच कळत नसेल, तर परत फिरावे. दुसरा, नोंद काय ठेवली जाते? पुस्तक वाचण्यासाठी दूरध्वनी क्रमांक, संपर्कयादी आणि ठिकाण मागणारे उपयोजन पुस्तकासाठी आलेलेच नाही. तिसरा, इतर सदस्यांना काय दिसते? नाव, क्रमांक, छायाचित्र, आयपी पत्ता यांपैकी जे दिसते ते कायमचे गेले असे समजावे. चौथा, देणाऱ्याला देण्याचा अधिकार आहे काय? मुक्त ग्रंथ, लेखकाची संमती वा शासकीय प्रकाशन असेल तर शंका उरत नाही. पाचवा, दार उद्या बंद झाले तर? महत्त्वाच्या प्रत्येक फाइलची एक प्रत स्वतःच्या घरी, वेगळ्या साठवणयंत्रात असावीच. सहावा, बाहेर पडता येते काय? सदस्यत्व सोडल्यावर आपली माहिती पुसण्याची सोय नसलेला समूह हा परतीची वाट नसलेला वाडा होय.

यासोबत काही साध्या सवयी पुरतात. समूहांसाठी स्वतंत्र ईमेल ठेवावा. परवलीचा शब्द दोन ठिकाणी एकच नसावा. आधारची प्रत देणे भागच असेल, तर शेवटचे चारच अंक दिसणारी प्राधिकरणाची झाकलेली प्रत वापरावी. छायाचित्रासोबत ते कुठे आणि केव्हा काढले याची नोंद दडलेली असते, मुलांची छायाचित्रे देताना ती काढून टाकावी. उघडलेला दुवा काम होताच बंद करावा. आणि मोजक्याच लोकांना द्यावयाची नाजूक यादी असेल, तर ती समूहात न टाकता हाती द्यावी. जुनी पद्धत म्हणून ती टाकाऊ ठरत नाही.

कार्यकर्त्यांवर जबाबदारी अधिक आहे. समाज त्यांना पत्ते, क्रमांक आणि कागद देतो ते एका विशिष्ट कामासाठी. काम संपले की ती माहिती पुसणे, हा त्या कामाचाच शेवटचा टप्पा मानावा. कार्यक्रमाचा हिशेब जसा वेळेवर सादर होतो, तशी ‘यादी पुसली’ ही नोंदही बैठकीत व्हावी.

दुसरे काम विधायक आहे. गावोगावच्या वाचनालयांत, देवळांत, जुन्या वाड्यांत हस्तलिखिते आणि दुर्मीळ छापील ग्रंथ पडून आहेत. २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाचे व जतनाचे ‘ज्ञानभारतम्’ अभियान घोषित केले. प्रत्येक तालुक्यात चार तरुणांनी मालकाची लेखी संमती घेऊन, हक्क तपासून, मुक्त ग्रंथांच्या स्वच्छ प्रती केल्या, त्या दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या आणि वाचकाचे नाव न विचारता त्या खुल्या केल्या, तर चोरट्या समूहांकडे वळण्याचे कारणच पुष्कळ अंशी उरणार नाही. हे काम खर्चाचे नाही, चिकाटीचे आहे. ज्यांच्याकडे चिकाटी आहे, अशांनी आपल्या गावच्या वाचनालयापासून येत्या रविवारीच त्याचा आरंभ करावा.